कोरी करकरीत वही

९ जानेवारी

प्रिय टाचणी,

हा पत्ता तुझ्या आत्याकडून घेतला. त्या देत नव्हत्या. म्हणाल्या, "तिने मला विश्वासाने दिलाय, वहिनी. तू चार ओळी लिहिशील आणि चाळीस सल्ले देशील." सल्ले देणार नाही असं कबूल केलं, तेव्हा कुठे शिवणाच्या पेटीतून चिठ्ठी बाहेर आली. तेव्हा या पत्रात सल्ला नाही. उत्तराची सक्तीही नाही. फोन करायचा धीर झाला नाही. पत्र बरं असतं, नको वाटलं की घडी घालून ठेवता येतं.

बातमी अशी की मी कॉलेजात जाते. हसू नकोस. सत्तावन्नाव्या वर्षी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, तिसऱ्या मजल्यावर, पहिल्या वर्षाच्या हिशेबशास्त्राच्या वर्गात. आपल्या गणवेशाच्या कारखान्यातले कारकून लेकाकडे राहायला गेले आणि जाताना सगळ्या वह्या आमच्यापुढे ठेवून गेले. आत्या म्हणाल्या, "कापड मी बेतते, आकडे तू बेत." काम करणाऱ्यांना एकच विषय घेऊन परीक्षा देता येते, तसं नाव घातलं.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले आणि साठ मुलं खडाखड उठून उभी राहिली. कोण आलं म्हणून मीही मागे वळून पाहिलं! मग मी तिसऱ्या बाकावर जाऊन बसले तेव्हा जो काही हशा झाला, तो खऱ्या बाई येईपर्यंत थांबला नाही. माझ्या शेजारी एक मुलगी बसते, दुपारी औषधांच्या दुकानात कामाला जाते. ती म्हणाली, "काकू, तुम्हीच शिकवायला असतात तर बरं झालं असतं. या बाई दरवर्षी अर्धा वर्ग नापास करतात."

बाई तुला शिकवायच्या त्याच आहेत. केस पांढरे झालेत, लाल पेन तेच. त्यांनी मला ओळखलं नाही, की ओळख दाखवली नाही, कोण जाणे. मीही बोलले नाही.

तू कुठल्या बाकावर बसायचीस? नऊ वर्षांपूर्वी मी हे विचारलंच नव्हतं.

आई

३ फेब्रुवारी

प्रिय टाचणी,

पहिल्या चाचणीत वीसपैकी चार.

आत्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "चार डझन का?" कारखान्यातल्या सगळ्या जणी हसल्या. काज करणारी तर सुई खाली ठेवून हसली.

कुठे चुकलं सांगते. दुकानात रोख रक्कम आली, ती मी क्रेडिटला लिहिली. पासबुकात पैसे भरले की बँक क्रेडिटच लिहिते ना? मग आलेला पैसा डेबिट कसा? दोन दिवस मी बाईंनाच चूक समजत होते. शेवटी औषधवालीने जिन्यात बसवून समजावलं. "काकू, पासबुक बँकेच्या बाजूने लिहिलेलं असतं. आधी विचारायचं, वही कुणाची? मग पेन उचलायचं." इतकीशी मुलगी, पण काय नेमकं बोलली!

दुसरी चूक माझ्या शाळेची. तुला ठाऊक आहे, आमच्या कॉन्व्हेंटात अक्षराचा केवढा दरारा. दुपारच्या तासाला सिस्टर चाररेघी वही उन्हाकडे धरून बघायच्या, कुठे खोडलंय का. अस्वच्छ वही म्हणजे अस्वच्छ मन, असं त्या म्हणायच्या. सुवाच्य अक्षराचं बक्षीस मी सलग पाच वर्षं घेतलं. त्या सवयीने मी चाचणीतही आधी कच्चं लिहिलं, मग पक्कं उतरवायला घेतलं. अर्धं उतरवलं तोच घंटा झाली.

बाई बाकाशी आल्या. "दोनदा का लिहिता?"

"पहिल्यात खाडाखोड झाली होती, बाई."

त्या वर्गाकडे वळल्या. "सगळ्यांनी ऐका. इथे खोडरबर नाही, ब्लेड नाही, पांढरी शाई नाही. चुकलं तर एक आडवी रेघ. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बरोबर आकडा वर, बाजूला सही. माणूस कुठे चुकला आणि कसा सावरला, हे मला वहीत दिसायला हवं. ज्या वहीत एकही चूक नाही, तिच्याकडे मी आधी संशयाने बघते."

त्यानंतर त्यांनी काय शिकवलं ते मला सांगता येणार नाही.

तुमच्याकडे थंडी ओसरली का? आत्या म्हणतात, बेकरीच्या भट्टीपुढे तुला ती कळतही नसेल.

आई

२० फेब्रुवारी

प्रिय टाचणी,

मागच्या पत्रात मी हवापाण्यावर येऊन पळ काढला. हे पत्र चौथ्यांदा लिहायला घेतलंय. आधीची तीन नीटनेटकी होती आणि खोटी होती. यात खाडाखोड आहे, तशीच पाठवते.

तो रविवार होता. तुझी सराववही दुसऱ्या दिवशी द्यायची होती. चाळीस हिशेब, रोजकीर्दीपासून ताळेबंदापर्यंत. तू आठवडाभर जागून ते संपवले होतेस आणि जेवून झोपली होतीस. वही जेवणाच्या टेबलावर होती. मी उघडली. पानापानावर रेघा मारलेल्या, आकड्यांच्या डोक्यावर आकडे, कडेला तुझ्या बारीक सह्या. मला वाटलं, पोर शिणलीय, आणि असली वही बाई तोंडावर फेकतील. नवी कोरी वही काढली, पट्टीने समास आखले आणि सबंध दुपार बसून चाळीसच्या चाळीस हिशेब उतरवले. रेघ मारलेलं सगळं गाळलं. किती छान दिसत होती ती! तुझी वही फाडून चिंध्यांच्या पोत्यात टाकली.

तू उठल्यावर बघितलंस. "आई, हे काय केलंस तू?"

मी म्हटलं, "आभार मान."

"माझी वही कुठे आहे?"

"आता हीच तुझी वही."

पोतं तू उठायच्या आधीच उचलून नेलं होतं. तू तीच वही घेऊन गेलीस, दुसरं काय करणार होतीस.

चौथ्या दिवशी मला प्राचार्यांनी बोलावलं. वही टेबलावर होती. अक्षर मुलीचं नाही, ही सरळ नक्कल आहे, ज्याने कुणी लिहून दिलं त्यालाही लाज वाटायला हवी, असं ते म्हणाले. मग मला विचारलं, "तुम्हाला काही ठाऊक आहे?"

तू माझ्याकडे बघत होतीस.

मी म्हटलं, "तिलाच विचारा."

मला ठाऊक नव्हतं असंही म्हणाले नाही मी. नुसतं तुझ्या अंगावर ढकललं. पाच वर्षं बक्षीस मिळवलेलं अक्षर समोर पडलेलं आणि एक परका माणूस त्याला लाज म्हणत होता. ते माझं आहे हे सांगणं मी टाळलं. तू बोटातल्या बोटात ओढणीचं टोक गुंडाळत होतीस. शेवटी तू म्हणालीस, "मला काही सांगायचं नाही." मला वाचवलंस. आणि घरी येताना सबंध रस्ता वाट बघत होतीस मी काही बोलेन म्हणून. मी भाजी घ्यायला थांबले.

महिन्याने तू गेलीस. लोकांना मी सांगितलं, तिला अभ्यास झेपला नाही.

तो झेपणारा नाहीच, टाचणी. मी आता करून बघतेय. एक हिशेब जुळवायला मला तीन सकाळी लागतात. तू चाळीस जुळवले होतेस.

कारकून गेले हे खरं, पण कारकून दुसरे मिळाले असते. मला बघायचं होतं, मी काय फाडलं ते.

आई

११ मार्च

प्रिय टाचणी,

आत्यांच्या तोंडून काल निसटलं. तुझ्या मालकीणबाई थकल्यात आणि बेकरी तुझ्या हाती द्यायचं म्हणतात, त्यासाठी तुला तिकडच्या संस्थेचा वर्षाचा अभ्यासक्रम करायचाय, अर्जाची मुदत तीस एप्रिल. आणि अर्जाला इथल्या कॉलेजचा दाखला जोडावा लागतो, ज्यावर तो शेरा आहे. आत्यांनी लगेच तोंडावर हात धरला. म्हणाल्या, "मेलं माझं तोंड. तिने शपथ घातली होती." त्यांच्यावर रागावू नकोस.

मी आज कॉलेजच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या लिपिकाने जुनं रजिस्टर काढलं. तुझ्या नावापुढे लिहिलंय, गैरप्रकार, नक्कल. मी विचारलं, हे चुकीचं असेल तर?

"कोण म्हणतं चुकीचं?"

"ज्याने लिहिलं तो माणूस."

"त्याने लेखी जबाब द्यावा. समिती बघेल."

"विद्यार्थिनी हजर लागते?"

"नाही. जबाब पुरे."

जबाब माझ्या पर्समध्ये तयार होता. हातात घेतला, खिडकीच्या फटीपर्यंत नेला, आणि परत ठेवला. लिपिक म्हणाला, "काय झालं बाई?" मी म्हटलं, ज्याचं आहे त्याला विचारायचं राहिलं.

तेव्हा विचारते. हा जबाब दिला तर जुनं सगळं पुन्हा उकरलं जाईल, चार लोक तुझं नाव घेतील. तू नव्याने काही उभं केलंयस, तिथे कदाचित तुला ते नको असेल. नको म्हणालीस तर फाडणार नाही, तुझ्याकडे पाठवून देईन. मजकूर सोबत जोडलाय. वाच. बदलायचं असेल ते बदल. तू हो म्हटल्याशिवाय मी त्या खिडकीपाशी जाणार नाही.

आई

२८ मार्च

प्रिय टाचणी,

तुझं काही कळलं नाही. घाई करत नाही. तारीख मात्र माझ्या डोक्यात टकटक करते, एवढं खरं.

वर्गात घसारा चालू आहे. यंत्र वापरलं की त्याची किंमत दरवर्षी थोडी कमी धरायची. मी सरावासाठी आपलीच शिलाईमशीन घेतली आणि तेरा वर्षांचा घसारा काढून आत्यांना दाखवला. त्या इतक्या भडकल्या! "शून्य? माझ्या मशीनची किंमत शून्य? रोज तेल मी घालते, हिने तीनशे पोरांच्या चड्ड्या शिवल्यात या महिन्यात! तुझ्या बाईंना म्हणावं, या इथे आणि पाय मारून बघा." मशीनवर हात फिरवत दुपारभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या चाचणीत वीसपैकी अकरा. पेपरात सात ठिकाणी रेघा मारल्या, सात सह्या केल्या. 

आई

२२ एप्रिल

प्रिय टाचणी,

दोन तारखेला आत्या फोन कानाला लावून कापण्याच्या टेबलापाशी उभ्या होत्या आणि नुसत्या हं, हं करत होत्या. तू आहेस हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं. फोन ठेवून म्हणाल्या, "दे म्हणाली."

"आणखी काही?"

"शेवटचा परिच्छेद काढून टाक म्हणाली. रडगाणं आहे."

काढला. बरोबर होतं तुझं, समितीला माझ्या पश्चात्तापाशी काय करायचंय.

काल समिती बसली. उपप्राचार्य, बाई आणि तो लिपिक. जुने प्राचार्य निवृत्त झालेत. लिपिकाने कपाटातून सुतळीने बांधलेला गठ्ठा आणला, त्यातून ती वही निघाली. नऊ वर्षांत तिचं एक पान पिवळं पडलं नव्हतं.

उपप्राचार्य म्हणाले, "नऊ वर्षांनी आठवलं तुम्हाला?"

"आठवत रोज होतं. सांगायला नऊ वर्षं लागली."

"आणि हे तुम्हीच लिहिलं, याला पुरावा काय? आई आहात, मुलीसाठी काहीही सांगाल."

त्यांनी मला कोरा कागद दिला. मी विचारलं काय लिहू. बाई म्हणाल्या, "सतरावा हिशेब लिहा." त्यांनी आकडे वाचले, मी लिहिले. तो कागद वहीशेजारी ठेवला. तिघेही त्यावर वाकले. मग लिपिकच पुटपुटला, "छापल्यासारखं आहे हो!"

बाईंनी चष्मा काढला. माझ्याशी नाही, उपप्राचार्यांशी बोलल्या. "हिशेब सगळे बरोबर होते, हे मला तेव्हाही दिसलं होतं. खाडाखोडीची वही आली असती तर मुलीला पहिला वर्ग मिळता. इतकी कोरी करकरीत वही अठरा वर्षांच्या पोरीची असूच शकत नाही, एवढंच मी बघितलं. अक्षर कुणाचं, हे विचारायचा कंटाळा केला. माझंही नोंदवून घ्या."

मग मला म्हणाल्या, "तुम्ही वर्गात आलात त्या दिवशीच मी ओळखलं होतं. वाट बघत होते."

मला मान वर करता आली नाही, पण रडले नाही.

निर्णय काय झाला ते मला ठाऊक नाही. तो विद्यार्थिनीलाच कळवतात म्हणे. लिपिकाने आज बंद पाकीट दिलं, मुदत जवळ आली म्हणून टपालापेक्षा तुमच्याकडूनच लवकर जाईल म्हणाला. तुझ्या नावाचं आहे. आत्यांनी ते दिव्यापुढे धरलं, काही दिसेना, तर म्हणाल्या, "किटलीची वाफ दे, कोणाला कळणार आहे?" मी ते हातातून काढून घेतलं. याच्याबरोबर पाठवते आहे, आजच, माणसाच्या हाती.

माझी परीक्षा परवा.

आई

१९ मे

प्रिय टाचणी,

काल तू फोन केलास तेव्हा मी बटणं मोजत होते, आणि तुझा आवाज ऐकल्यावर ती सगळी जमिनीवर गेली. तुला तो आवाज पाऊण मिनिट कशाचा येत होता, ते हे.

तू बोलत असताना माझ्याकडून धड काहीच बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते. शेरा निघाला, कोरा दाखला मिळाला, संस्थेने तुला घेतलं, हे तू इतक्या सपाट आवाजात सांगितलंस की मला दोनदा विचारावं लागलं. विषय मात्र सुटलेला धरत नाहीत, डिसेंबरच्या आत पेपर पुन्हा द्यायचा, हे मला खरं तर अन्यायाचं वाटलं. बाईंशी भांडायला निघाले होते. मग म्हटलं, तुझा पेपर आहे, भांडायचं तर तू भांड.

"तुला किती पडले?" असं तू विचारलंस.

"एकावन्न."

"मी साठाच्या खाली आले नसते."

"नाहीच येणार."

मग तू म्हणालीस, "मी अजून रागावलेय, आई." मी म्हटलं, असू दे. तर तू म्हणालीस, "असू दे काय? किती ते तरी विचार." मी विचारलं. "आधीपेक्षा कमी. पण आहे."

हे वाक्य मी आत्यांना सोडून कोणालाही सांगितलेलं नाही. त्यांना सांगितलं तर त्या मशीनवर डोकं टेकून रडल्या आणि मग म्हणाल्या, दोरा तुटला माझा.

आता तुझा प्रश्न. सगळ्या खात्यांची तेरीज जुळत नाही, दोन्ही बाजूंत चोपन्नचा फरक येतोय, तीन दिवस झाले, असं तू म्हणालीस, तेवढ्यात तुझ्या भट्टीची घंटा वाजली आणि फोन तुटला. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, वही पाठव, मी बघते. घंटेने वाचवलं.

वही पाठवू नकोस. बघायचं कसं तेवढं सांगते, कारण तू विचारलंस. आधी बेरजा खालून वर पुन्हा कर. त्या बरोबर असतील तर चोपन्नचं अर्धं कर, सत्तावीस. सत्तावीसची एखादी रक्कम चुकून दुसऱ्या बाजूला बसलीय का बघ. तीही नसेल, तर चोपन्नला नवाने भाग जातो. भाग गेला की समजायचं, उतरवताना कुठेतरी दोन आकड्यांनी जागा बदलल्यात. नवाने भागून सहा येतात, म्हणजे त्या दोन आकड्यांत सहाचा फरक असणार. एकाहत्तरचे सतरा, ब्याऐंशीचे अठ्ठावीस, त्र्याण्णवचे एकोणचाळीस. एवढेच शोध. सबंध वही चाळायची गरज नाही. मला हे औषधवालीने शिकवलं, ती पहिल्या वर्गात पास झाली.

सापडलं की कुठे होतं ते मला सांग, मला उत्सुकता आहे. सकाळी आठ ते दहा सगळ्या मशीन एकदम चालू असतात, तेव्हा फोन ऐकू येत नाही. बाकी कधीही कर.

आई